आत्याच्या घंटीचे दोन सेल

चार्जरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात एकूण चौदा इशारे होते. माणसं असले इशारे वाचत नाहीत, म्हणून तर सुखाने जगतात. ग्रंथपालांनी चौदाही वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि चौथा, नववा आणि तेरावा यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. चौथ्यात सेल फुगू शकतो असं होतं, नवव्यात गळू शकतो, आणि तेराव्यात फुटू शकतो. हे सगळं कसल्या माणसाच्या हातून होतं ते बाकीच्या इशाऱ्यांत लिहिलं होतं, आणि ते वाचताना ग्रंथपालांना आपणच आरशात बघतोय असं वाटलं.

"अहो, चार सेल चार्ज करायचेत, अणुभट्टी नाही पेटवायची," बायको म्हणाली. ती पोस्टात काउंटरवर बसायची. वीस वर्षं रांगेतल्या माणसांशी बोलून तिची भीती नावाची वस्तू कधीच संपून गेली होती.

"आणि फुटला म्हणजे?"

"म्हणजे आवाज होईल. मी विचारीन, काय फुटलं? तुम्ही म्हणाल, सेल. एवढंच."

"तुला सगळं एवढंच वाटतं."

"तुम्हाला मी वाचून दाखवू का लिफ्टमध्ये काय काय लिहिलंय ते? तरी जाताच ना लिफ्टने?"

ग्रंथपाल लिफ्टने जात नसत. पण हे बायकोच्या लक्षात आलेलं नव्हतं, आणि ही वेळ सांगायची नव्हती.

खरं तर त्यांना चार्जरशी काही देणंघेणं नव्हतं. प्रश्न आत्याचा होता. आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. "मी कुणाच्या घरात राहणार नाही," हे तिने एकदा सांगितलं होतं, आणि आत्याला दुसऱ्यांदा सांगायची सवय नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी ग्रंथपालांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "एकट्या उठता कामा नयेत. पुन्हा पडल्या, तर मग मात्र..." आणि पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडून दिलं. डॉक्टर निघून गेले. ग्रंथपाल दोन महिने ते वाक्य पुरं करत होते, रोज वेगळं.

म्हणून ती घंटी आली होती. बिनतारी. साबणाच्या वडीएवढी बटणाची डबी आत्याच्या खुर्चीशेजारी, आणि वाजणारा भाग ग्रंथपालांच्या बैठकीत, घड्याळाखाली. आत्याने बटण दाबलं की खाली टिंगटाँग व्हायचं आणि ग्रंथपाल दोन-दोन पायऱ्या टाकत वर जायचे. दुपारी चारला चहासाठी ती रोज वाजायची. तुम्ही घड्याळ लावून घ्यावं, इतकी चारला. त्या डबीत दोन पेन्सिल सेल लागत आणि ती ते सुपारीसारखे खाई. एकदा ते चहाच्या आधीच संपले आणि आत्या पंधरा मिनिटं थांबली. त्या पंधरा मिनिटांवर ती जे बोलली त्याने ग्रंथपालांनी त्याच संध्याकाळी रिचार्जेबल सेल आणि पडदावाला स्मार्ट चार्जर आणला.

आता हा चार्जर घरात लावायचा कसा? बायको रोज कामाला, ग्रंथपालांच्या कॉलेजला सुट्टी, म्हणजे फुटला तर त्यांच्या एकट्यावर फुटणार. जिन्याच्या चौकात, लिफ्टशेजारी, दिव्याचं एक बटण आणि सॉकेट होतं. तिथे दगडी फरशी, आजूबाजूला जळण्यासारखं काही नाही. पण सार्वजनिक सॉकेट! ग्रंथपालांनी रीतसर अर्ज लिहून सोसायटीच्या सेक्रेटरींना दिला.

सेक्रेटरींना सरकारी खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, खातं मात्र त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. अर्ज परत आला. 'विषय' या शब्दाखाली रेघ नव्हती. रेघ मारून दिला. पुन्हा परत आला. समोरच्या बिऱ्हाडाचं ना-हरकत पत्र हवं होतं.

समोर विमावाला राहत होता. तो अतिशय प्रेमळ माणूस होता आणि त्याच्याशी बोलून झोप लागलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

"सही देतो साहेब, का नाही देणार? मी घाबरवत नाही हं, पण आमच्या एका क्लायंटने असाच सेल लावून ठेवला आणि आंघोळीला गेला."

"मग?"

"मग काय, क्लेम पास झाला. अकरा दिवसांत."

"पण झालं काय?"

"तेच तर सांगतोय, अकरा दिवसांत! एवढ्या लवकर होत नाही कधी."

ग्रंथपाल ना-हरकत घेऊन घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

परवानगी मिळाली. फक्त सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे खाली फलक लावला: 'दुसऱ्या मजल्यावर रिचार्जेबल सेलची चाचणी सुरू आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' सभासदांनी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ड्रायव्हिंग स्कूलवाले उभे होते, हातात सहा सेल.

"कधी येऊ न्यायला?"

"कशाला?"

"तपासून हवेत ना. फलक वाचला."

ग्रंथपालांना 'नाही' हा शब्द लिहिता यायचा, बोलता येत नसे. तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस; समोर कुणी काही ठेवलं की हात आपोआप रजिस्टरकडे जायचा. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या मागोमाग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांचे आठ. विमावाल्याच्या वजनकाट्याचे चार. सेक्रेटरींनी स्वतःच्या टॉर्चचे तीन पाठवले, बरोबर पोचपावतीसाठी कोरी चिठ्ठी. संध्याकाळपर्यंत घरात अडतीस सेल जमले, आणि अडतीसपैकी प्रत्येक सेल चौथ्या, नवव्या किंवा तेराव्या इशाऱ्याप्रमाणे वागू शकत होता.

चार्जर एकावेळी चार सेल घ्यायचा. पूर्ण तपासणी म्हणजे सेल आधी भरायचा, मग पुरता रिकामा करायचा, मग पुन्हा भरायचा, आणि किती भरला तो आकडा पडद्यावर यायचा. एका खेपेला जवळजवळ एक दिवस. ग्रंथपाल हेल्मेट घालून, हातात थंडीचे मोजे चढवून जिन्यात जायचे आणि उलट्या तळहाताने एकेका सेलला हात लावून बघायचे.

"याच्या अंगात कणकण आहे," ते एकदा आत येऊन म्हणाले.

"मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा," बायको पेपरातून डोकं न काढता म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या आठांत दोन साधे, रिचार्ज न होणारे सेल निघाले. अकराव्या इशाऱ्यात असे सेल चुकूनही लावू नका असं होतं. ग्रंथपालांनी ते चिमट्याने उचलले, खाली उतरले आणि फाटकाबाहेर त्यांना कचऱ्यात टाकायचंही धाडस होईना म्हणून अर्धा तास हातात धरून उभे राहिले. वॉचमनने विचारलं, "साहेब, कुणाची वाट बघताय?" ते म्हणाले, "नाही, सहज." शेवटी त्यांनी ते डॉक्टरीणबाईंना बंद पाकिटात परत केले. वर लिहिलं, 'अस्वीकृत'.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. भीतीने थरथरणाऱ्या या माणसाला तिसऱ्या दिवसापासून मजा वाटू लागली होती. आकडे येत होते. एकोणीसशे चाळीस. सतराशे पाच. एक बिचारा चारशे बारा. आणि आकडे आले की ग्रंथपालांना नोंदणी केल्याशिवाय राहवेना. त्यांनी कॉलेजातून उरलेली लेबलं आणली, पुस्तकांच्या पाठीवर चिकटवतात ती. तपासून झालेल्या प्रत्येक सेलला नंबर, मालकाची खूण, आकडा, तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे अक्षर पुसणार नाही. पुस्तकाच्या मानाने सेल बुटका, त्यामुळे लेबलाची खालची कड उरायची. ती त्यांनी कव्हर आत दुमडतात तशी नीट बुडाखाली दुमडून चिकटवली. एकही सुरकुती नाही. छत्तीस सेल एका ओळीत टेबलावर उभे राहिले तेव्हा ग्रंथपालांचे डोळे भरून आले. असं टापटीप वाचनालय त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

आत्याचे दोन सेल पहिल्याच दिवशी तपासून झाले होते. नंबर एक आणि नंबर दोन, दोन्ही एकोणीसशेच्या वर. पण त्यांनी ते लगेच बसवले नाहीत. जुने चालताहेत तोवर डबीला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दहाव्या दिवशी सकाळी घंटीचा आवाज जरा दमल्यासारखा आला, आणि त्यांनी छातीवर दगड ठेवून ठरवलं: आज. सकाळी सगळ्यांचे सेल रजिस्टरवर सह्या घेऊन परत केले आणि नऊ वाजता नंबर एक आणि दोन घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. वॉकर शेजारी.

"काय ते?"

"नवीन सेल, आत्या. मी स्वतः तपासलेत."

"घट्ट बसताहेत."

"बसतील." ग्रंथपालांनी अंगठ्याने रेटून बसवले. "आता एकदा दाबून बघू का?"

"कशाला?"

"वाजते का ते..."

"बाळ," आत्या म्हणाली. ग्रंथपाल चोपन्न वर्षांचे होते. "घंटा झाली की हजार पोरं उठून उभी राहतात. काम नसताना ती वाजवायची नसते. तू तपासलेस ना?"

"हो."

"मग झालं तर. आणि हे फुटत-बिटत नाहीत ना? पेपरात येतं हल्ली."

खोटं बोलणं त्यांना आत्यासमोर कधीच जमलं नव्हतं. त्यांनी तेरावा इशारा जसाच्या तसा म्हणून दाखवला, आणि धीर म्हणून पुढे जोडलं, "पण तो चार्जरवर असताना फुटतो. म्हणजे खाली. माझ्याकडे."

आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "सांभाळून कर काय ते," ती म्हणाली.

त्या दुपारी चार वाजले. घंटी वाजली नाही.

ग्रंथपाल चहाचं आधण ठेवून उभे होते. चार पाच. त्यांच्या मनात आलं, लागला असेल आत्याचा डोळा. चार दहा. आणि मग, हे त्यांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही, त्यांना बरं वाटलं. आज जिना चढायला नको. ते खुर्चीत बसले, पाय लांब केले.

चार पंधराला दाराची बेल वाजली. ड्रायव्हिंग स्कूलवाले होते.

"काय केलंत हो सेलचं? टीव्हीचा रिमोट चालेना."

"अशक्य. तुमचे अठराशे ऐंशी आहेत." ग्रंथपालांनी रजिस्टर उघडलं. "ही बघा नोंद."

"नोंद चालतीय. रिमोट नाही चालत."

मागून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या दवाखान्यातलं घड्याळ सकाळी साडेदहाला सेल बदलल्यापासून थांबलं होतं, आणि अकराचा पेशंट आपली वेळ झालीच नाही असं समजून अजून तोंड उघडून बसला होता. सेक्रेटरी आले. त्यांचा टॉर्च लागत नव्हता. त्यांनी तक्रार लेखी आणली होती, 'विषय'खाली रेघ मारून. बैठकीत ही गर्दी. आणि प्रत्येकाला ग्रंथपाल सांगतायत, "सेल ठणठणीत आहे. मी बघितलंय. आकडा आहे!" पण बोट रजिस्टरच्या ओळींवरून खालीवर फिरत होतं. एक बिघडेल, दोन बिघडतील. सगळे? कसे? आपण काय केलं?

तेवढ्यात विमावाला वजनकाटा काखेत घेऊन आला. सेल आत अडकले होते, निघतच नव्हते. त्याने बॉलपेनच्या टोकाने एक उकरून काढला, उलटा धरला आणि बुडाकडे बघत राहिला. मग नखाने बुडाचा कागद सोलला, सेल परत बसवला. काट्यावर आकडे पेटले.

"साहेब," तो हळूच म्हणाला. "तुम्ही याच्या बुडाला कागद चिकटवलाय. वरून चिकटपट्टी. वीज येणार कुठून?"

सगळे हसले. ड्रायव्हिंग स्कूलवाले तर सोफ्यावर बसून हसले. ग्रंथपालही हसायला लागले, आणि अर्ध्यावर त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

नंबर एक. नंबर दोन.

घड्याळात चार पस्तीस.

"आत्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. "आत्याने घंटी वाजवली असेल."

ते जिन्याकडे धावले. मागे सगळी वरात. आत्याच्या घराची किल्ली खिशात होती. ती हातात आली आणि पायरीवरून घरंगळत खाली गेली. ती आणायला ते चार पायऱ्या उतरले, पुन्हा चढले. मागून विमावाला धापा टाकत धीर देत होता, "काही होत नाही साहेब. आमच्या एका क्लायंटची आई..."

"क्लेमचं बोलू नका!" ग्रंथपाल ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. विमावाला दोन पायऱ्या मागे सरकला.

दार वाजवलं. आतून काही नाही. "आत्या!" काही नाही. किल्ली लागेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातून घेऊन लावली. रोज लोकांच्या तोंडात बारीक हत्यारं घालायची सवय. एका झटक्यात दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती. वॉकर जमिनीवर आडवा पडला होता. घंटीची डबी खुर्चीच्या हातावर, सेलचं झाकण उघडं.

ग्रंथपालांनी स्वयंपाकघर बघितलं. न्हाणीघराचं दार ढकलताना त्यांनी डोळे मिटले, मग एक उघडला. कुणी नाही. बाल्कनीत जायची त्यांची हिंमत होईना, तिथे सेक्रेटरी गेले, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. नाही. पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मुख्याध्यापिका कपाटात का जाईल, हे विचारायचं भान कुणाला नव्हतं. डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य आता ग्रंथपालांना पुरतं ऐकू येत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांच्याच अक्षरातला होता, लेबलावरचा.

तेव्हा खालून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरून, जिन्याच्या पोकळीतून, हजार पोरांना ऐकू जाईल असा.

"बाळ! कुठे मेलायस तू?"

ग्रंथपाल उतरले कसे, ते त्यांना आठवत नाही. त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं, आणि बैठकीच्या मधोमध, एक हात घड्याळाखालच्या भिंतीला टेकवून, आत्या उभी होती. वॉकरशिवाय. चेहरा पांढराफटक होता. दुसऱ्या हातात तिने चार्जर धरला होता, त्याची वायर जमिनीवर लोळत होती. चौकातून उपटून आणलेला.

"आत्या! तू उठलीस? एकटी?"

"चारला घंटी वाजवली. आला नाहीस. पुन्हा वाजवली. एकेचाळीस वेळा वाजवली मी." तिला धाप लागली होती. "चोपन्न वर्षांत मी हाक मारली आणि तू आला नाहीस असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, फुटलं. तू पडलायस इथे आणि कुणाला पत्ता नाही. तो वॉकर लिफ्टच्या दारात मावत नाही, घरातच दिला टाकून." ती थांबली. "आत येऊन बघते तर घर रिकामं. गॅसवर आधण आटलेलं. मला वाटलं, नेलं तुला."

ग्रंथपालांनी पुढे होऊन तिला धरलं. तिने त्यांना धरलं. कुणी कुणाला सावरलं ते सांगणं कठीण. दारात उभ्या असलेल्या मंडळींनी आपापले रिमोट, टॉर्च आणि वजनकाटे खाली बघत चाचपले. विमावाल्याचे डोळे ओले झाले होते आणि त्याच्या तोंडून एकही क्लायंट निघाला नाही.

"खुर्ची दे," आत्या म्हणाली. "आणि चहा टाक. पाऊण तास उशीर झालाय."

सहा वाजता बायको पोस्टातून आली. बैठकीत आत्या बसलेली. शेजारी फिजिओथेरपीवाली, तिला धावत बोलावून आणलेलं, आत्याचा पाय हलवून बघत होती. "दोन महिने सांगतेय मी, भिंतीला धरून चाला, तर म्हणायच्या जमणार नाही! लिफ्टपर्यंत, लिफ्टमधून, परत इथवर? आजी, तुम्ही चालू शकता!"

"ते दिसलंच," आत्या म्हणाली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. काही बोलली नाही. परत गोळा झालेल्या एकेका सेलचं बूड सोलायला बसली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत उरलेले पस्तीसही सोलून झाले. ग्रंथपालांना वाटलं, ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आत्याच्या डबीत आता कागदाशिवायचे, स्वच्छ बुडाचे, एकोणीसशे चाळीसवाले सेल आहेत. घंटी खणखणीत वाजेल. पण आत्या ती वाजवत नाही. "त्या यंत्राचा काय भरवसा?" ती म्हणते, आणि मनात येईल तेव्हा काठी टेकत, लिफ्टने, स्वतः खाली येते. ग्रंथपाल रजिस्टर मिटून चोरून डुलकी काढत असतात तेव्हा येते. बायको नसताना डब्यातलं काहीतरी उभ्या उभ्या खात असतात तेव्हा येते. आवाज नाही, चाहूल नाही. मान वळवावी, तर पाठीमागे आत्या.

पूर्वी निदान टिंगटाँग तरी व्हायचं.